सौम्य हिवाळ्यातील लायलॅक : थंडीचा हिशेब आणि आपल्यासाठी धडा



एखादे झाड आपल्याकडे जगणे आणि एखादे झाड आपल्याकडे फुलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड प्रदेशातील काही झाडे आपल्या मातीत मुळे धरतात, पाने काढतात, पुरुषभर उंचही होतात. पण वर्षामागून वर्षे गेली तरी फूल दिसत नाही. खत वाढवले, पाणी वाढवले, तरी फरक पडत नाही. अशा वेळी उणीव बहुधा अन्नाची नसते, थंडीची असते. हा विषय समजून घेण्यासाठी लायलॅक या झुडपाचे उदाहरण चांगले आहे. याला थंड हिवाळा लागतो, तरीही अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात, जेथे हिवाळा सौम्य असतो, तेथे ते फुलवण्यात यश आले. ते कसे आले आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते या पाठात पाहू.

झुडपाची ओळख

लायलॅक हे पानगळ होणारे, साधारण ८ ते १५ फूट वाढणारे झुडूप आहे. आपली जाई, मोगरा आणि पारिजातक ज्या कुळातील, त्याच कुळातील हे. वसंतात फांद्यांच्या शेंड्यांवर फिकट जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे सुवासिक तुरे येतात. सामान्य लायलॅकचे मूळ स्थान दक्षिण-पूर्व युरोपातील बाल्कन डोंगररांगा होय. सोळाव्या शतकात ते इस्तंबूलमार्गे पश्चिम युरोपात पोहोचले. भारतात याच वंशातील एक जात पश्चिम हिमालयात नैसर्गिकरीत्या आढळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील बकाणनिंबालाही इंग्रजीत 'पर्शियन लायलॅक' म्हणतात. ते निंबाच्या कुळातील वेगळे झाड आहे. केवळ नावावरून रोप घेतल्यास फसगत होते.

थंडी कशासाठी लागते?

लायलॅकची फुलकळी फुलण्याच्या हंगामात तयार होत नाही. वसंतातील बहर संपला की पुढील उन्हाळ्यातच नव्या फांदीच्या टोकाच्या डोळ्यांत पुढच्या वर्षाची फुलकळी आकार घेते. शरद ऋतूत दिवस लहान होतात, गारवा वाढतो, पाने गळतात आणि डोळे सुप्तावस्थेत जातात. या अवस्थेत मध्येच चार दिवस उबदार आले तरी डोळा फुटत नाही. हे झाडाचे संरक्षणच आहे. नाहीतर हिवाळ्यातील फसव्या उन्हाने कळ्या उमलतील आणि पुढच्या हिमात जळून जातील.

ही सुप्तावस्था दीर्घकाळाच्या थंडीनेच उठते. थंडी पुरेशी झाली की डोळा फुटण्यास तयार होतो आणि नंतरच्या उबेने फुलतो. थंडी अपुरी पडल्यास पुढील लक्षणे दिसतात :

१) डोळे उशिरा आणि मागेपुढे फुटतात.
२) शेंड्याकडे थोडी पाने येतात, खालची फांदी उघडी राहते.
३) तुरे आखूड येतात किंवा मुळीच येत नाहीत.

थंडी डोळ्याला लागते, मुळाला नाही

कॅलिफोर्नियात काही हौशी मंडळी हिवाळ्यात झुडपाच्या बुंध्याशी बर्फ टाकतात. यामागचा समज चुकीचा आहे. थंडीचा परिणाम ज्या त्या डोळ्यावर स्वतंत्रपणे होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० मध्ये ब्लूबेरीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उबदार काचगृहातील झाडाची एक फांदी बाहेर थंडीत ठेवली, तेव्हा वसंतात तीच फांदी पालवली. आतल्या फांद्या सुप्तच राहिल्या. मूळ एकच, परिणाम मात्र वेगळा.

डेनी आणि स्टॅंटन यांनी १९२८ मध्ये हेच तत्त्व लायलॅकवर रसायन वापरून दाखवले. लायलॅकच्या फांदीवर डोळे समोरासमोर जोडीने असतात. जोडीतील एकाच डोळ्यावर प्रक्रिया केली असता तोच फुटला, समोरचा तसाच राहिला.

द्राक्ष बागाईतदारांना हे नवीन वाटणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरील ज्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतो, तेच डोळे लवकर व एकसारखे फुटतात. आपला हिवाळा द्राक्षालाही पुरेशी विश्रांती देत नाही, म्हणून तर हे रसायन वापरावे लागते.

थंडी मोजतात कशी?

सर्वांत सोपे माप म्हणजे 'शीततास'. हिवाळ्यात तापमान ० ते ७.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जितके तास राहिले, त्यांची बेरीज करावी. मात्र या मापात एक त्रुटी आहे. रात्री मिळालेली थंडी दुपारच्या उष्णतेने काही अंशी वाया जाते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात मांडलेल्या पद्धतीत म्हणूनच उबदार तासांची वजाबाकी केली जाते. ज्या भागात रात्र गार आणि दुपार तापलेली, तेथे नुसत्या पहाटेच्या तापमानावरून अंदाज बांधल्यास तो फुगतो.

वाणाची निवड : यशाचे खरे कारण

दक्षिण कॅलिफोर्नियातील यश प्रथम पैदाशीचे आहे, निगेचे नंतर. लॉस एंजेलिसजवळ ला कन्याडा येथे 'रँचो देल देस्कान्सो' नावाची मोठी बाग होती. तेथे १९४० च्या दशकात वॉल्टर लॅमर्ट्स या पैदासकाराने सौम्य हिवाळ्यातही फुलणारे लायलॅक निवडण्याचे काम हाती घेतले. त्यातून 'लॅव्हेंडर लेडी' हा प्रसिद्ध वाण मिळाला. या गटाला पुढे 'देस्कान्सो संकरित' असे नाव पडले. ती बाग आज 'देस्कान्सो गार्डन्स' या नावाने सर्वांसाठी खुली आहे. पुढे त्याच राज्यातील राल्फ मूर यांनी 'ब्लू स्काइज' हा कमी थंडीत फुलणारा वाण दिला.

जुने युरोपीय वाण मात्र त्याच सौम्य हवेत निराशा करतात. ज्यांना तेच हवेत, त्यांनी डोंगरावर जावे लागते. सॅन दिएगो जिल्ह्यातील ज्युलियन हे गाव सुमारे ४,२०० फूट उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात चांगली थंडी पडते आणि लायलॅकची फुले कापून विकली जातात. म्हणजे मार्ग दोनच : थंडी असेल तेथे झाड न्यावे, किंवा असेल तेवढ्या थंडीत भागवणारा वाण घ्यावा.

लागवड व निगा

कॅलिफोर्नियातील पद्धत थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे :

१) जागा : दिवसाला किमान सहा तास ऊन मिळावे. सावलीत फुले कमी आणि भुरी जास्त येते. थंड हवा उतारावरून खाली साठते, म्हणून सौम्य हिवाळ्याच्या भागात सखल पण निचऱ्याची जागा पसंत करतात.

२) जमीन : उत्तम निचऱ्याची, सामू ६.५ ते ७.५. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात.

३) रोप : शक्यतो स्वतःच्या मुळावरील रोप घ्यावे. दुसऱ्या खुंटावरील कलम असल्यास खुंटाचे फुटवे वेळीच काढावेत, नाहीतर कालांतराने खुंटच वाढतो.

४) खत : नत्र बेताने द्यावे. जादा नत्राने पाला माजतो, फुले घटतात.

५) पाणी : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उन्हाळ्यात नियमित पाणी देतात. सप्टेंबरअखेरपासून ते कमी करत नेतात, म्हणजे वाढ थांबते, पाने गळतात आणि झाड विश्रांतीत जाते. वसंतापूर्वी कळ्या फुगू लागल्या की गरजेनुसार पाणी पुन्हा सुरू करतात. कोवळ्या रोपांना मात्र असा कडक ताण देत नाहीत.

संत्रा आणि डाळिंब बागाईतदार बहर धरण्यासाठी ताण देतात, तसाच हा प्रकार आहे. फरक ध्यानात ठेवावा : ताणाने झाड वेळेवर झोपते आणि मिळणारी थोडी थंडी वाया जात नाही. ताण थंडीची जागा घेत नाही.

६) छाटणी : बहर संपताच करावी. वाळलेले तुरे काढावेत आणि अतिजुन्या फांद्यांपैकी काही दरवर्षी बुडापासून काढाव्यात. हिवाळ्यात शेंडे छाटल्यास तयार फुलकळ्याच छाटल्या जातात. 'फूल येत नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

लागवडीनंतर चांगला बहर येण्यास तीन-चार वर्षे लागू शकतात, तोवर धीर धरावा.

आपल्याकडे लावावे काय?

आता आपला हिशेब मांडू. निफाड परिसरात जानेवारीच्या काही पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली उतरतो. वर्तमानपत्रात ती बातमी होते आणि 'आपल्याकडेही थंड प्रदेशातील झाडे येतील' असे वाटू लागते. समजा, अशा २० पहाटा मिळाल्या आणि प्रत्येक वेळी तापमान ४ तास ७.२ अंशांखाली राहिले. तर बेरीज झाली ८० तास. त्यातून दुपारच्या २५ ते २८ अंशांच्या उन्हाची वजाबाकी करायची आहे. कोकण किनाऱ्यावर तर बेरीज सुरूच होत नाही.

दुसरी अडचण पावसाची. दक्षिण कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो. आपला पाऊस नेमका झाडाच्या वाढीच्या काळात येतो. भारी काळ्या जमिनीत तेव्हा पाणी साचते आणि मुळे धोक्यात येतात.

म्हणून महाराष्ट्रात लायलॅकची व्यापारी लागवड करू नये, असा स्पष्ट सल्ला आहे. परदेशातून रोप आणायचे झाल्यास आयात परवाना आणि वनस्पती संगरोध तपासणी बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवावे. सुवासिक फुलांसाठी मोगरा, जाई, निशिगंध ही आपली पिके आहेतच.

हाच हिशेब सफरचंदाला लावा

लायलॅक कदाचित आपल्या दारी कोणी विकायला येणार नाही. सफरचंदाचे रोप घेऊन मात्र येईल. तेथेही नियम तोच. डेलिशियस गटातील वाणांना साधारण हजार तासांच्या आसपास थंडी लागते; ते आपल्या पठारावर लावणे व्यर्थ. 'अ‍ॅना' हा इस्राएलमध्ये तयार झालेला, 'डॉर्सेट गोल्डन' हा बहामा बेटांवर सापडलेला आणि 'एचआरएमएन-९९' हा हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेला वाण कमी थंडीचे म्हणून ओळखले जातात. परंतु 'कमी थंडी' याचा अर्थ 'कोठेही भरघोस उत्पन्न' असा नव्हे. रोपे घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत :

१) वाणाचे नेमके नाव काय आणि खुंट कोणता?
२) त्याला किती शीततास लागतात?
३) परागीकरणासाठी सोबत दुसरा वाण लागतो काय? ('अ‍ॅना'सोबत 'डॉर्सेट गोल्डन' लावतात, ते याचसाठी.)
४) आपल्यासारख्याच हवामानात सलग तीन-चार वर्षे फळ देणारी बाग कोठे पाहता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर फोटो दाखवून मिळत असेल, तर एकरभर लागवड करू नये. आठ-दहा झाडे बांधावर लावून पाहावीत.

येत्या हिवाळ्यात करावयाची नोंद

कमाल-किमान तापमापक विकत घ्यावा. तो जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, सावलीत, हवा खेळती राहील असा टांगावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज किमान व कमाल तापमान वहीत लिहावे. ज्या दिवशी किमान तापमान ७.२ अंशांखाली गेले, त्यापुढे खूण करावी आणि त्याच दिवसाचे दुपारचे तापमानही पाहावे. दोन-तीन हिवाळ्यांची अशी वही हाती असली की कोणते झाड आपल्या शिवारात फुलेल, हे विक्रेत्याच्या जाहिरातीवरून ठरवावे लागणार नाही. एका तापमापकाचा खर्च शंभर रोपांच्या किमतीपुढे काहीच नाही.