गोवळकोंड्याची टाळी आणि घरातलं गाण्याचं रेकॉर्डिंग



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायचं काम चालू, आणि घरातली सगळी माणसं एका जागी. या दिवसांत बरेच सभासद घरच्या म्हाताऱ्या बायांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. हळदीची गाणी, धवले, नारळी पुनवेची गाणी. काम लाखमोलाचं आहे, कारण यातली कितीतरी गाणी कुठल्याच वहीत लिहिलेली नाहीत. ती फक्त धवलारणीच्या तोंडात आहेत.

पण ऐकायला बसलं की निम्मे शब्द कळत नाहीत. पंखा घरघरतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. मग लोक म्हणतात, “मोबाईल साधा आहे, भारीतला पाहिजे.” आमचं म्हणणं असं की दहातल्या नऊ वेळा दोष मोबाईलचा नसतो. दोष खोलीचा आणि अंतराचा असतो, आणि तो फुकटात दुरुस्त होतो.

आधी आवाज कसा फिरतो ते समजून घेऊ

मत्स्यव्यवसायाच्या कामासाठी आपल्यातले काहीजण हैदराबादला जातात. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळाची माशाच्या आकाराची इमारत तिथेच आहे. तिकडे गेलेला माणूस गोवळकोंडा किल्ला बघून येतोच. किल्ल्याच्या पायथ्याशी प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली गाईड टाळी वाजवतो आणि ती वर, जवळजवळ एक किलोमीटर लांब असलेल्या बाला हिसारला ऐकू येते. दगडी घुमट आवाज गिळत नाही, परत फेकतो. पहाऱ्यासाठी ही सोय उत्तम होती. पण त्याच घुमटाखाली गाणं म्हटलं तर एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो.

नाखवांना हे वेगळं सांगायला नको. होडीवरचा फिश फाइंडर याच तत्त्वावर चालतो. आवाज खाली जातो, माशाच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेत साधारण ३४० मीटर. आता आपली दहा बाय बाराची खोली घ्या. सिमेंटच्या भिंती, लादी, वर स्लॅब. आवाज भिंतीवरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आतच परत येतो. तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळतो आणि गाणं पोकळ करून टाकतो. समुद्रात जो प्रतिध्वनी आपल्याला मासा दाखवतो, तोच घरात गाण्याचे शब्द खातो.

१. खोली निवडा

प्रत्येक खोलीत एक टाळी वाजवून बघा. जिथे टाळीमागे “टण्ण” असं काही उरतं ती खोली नको. जिथे टाळी जागच्या जागी मरते ती खोली चांगली. बहुतेक घरांत ती झोपायची खोली असते, कारण तिथे गाद्या आणि कपडे असतात. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टांगा, दुसरी मोबाईलच्या मागे, खाली चटई किंवा गादी. पातळ चादरीने फारसा फरक पडत नाही, जाडी पाहिजे. काही जण जाळं टांगतात, त्याचा उपयोग नाही. जाळ्यातून वारा जातो तसा आवाजही जातो.

२. मोबाईल जवळ आणा

अंतर दुप्पट झालं की थेट येणाऱ्या आवाजाची ताकद चौथाई उरते. भिंतीवरून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मोबाईल समोरच्या टेबलावर ठेवला की खोलीच जास्त ऐकू येते. तो तोंडापासून एक वीत अंतरावर आणा. बहुतेक मोबाईलचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती कड गाणाऱ्याकडे करा, पण तोंडासमोर सरळ न धरता थोडी बाजूला. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसून फट्‌फट्‌ येतं. मोबाईल हातात धरू नका, बोटांचा आवाज येतो. डब्यावर टेकवून ठेवा.

धवला म्हणणाऱ्या दोघी-तिघी असतील तर मोबाईल मधे ठेवून अर्धगोल बसवा. जिचा आवाज मोठा तिने जरा मागे सरकावं. ढोलकी असेल तर ती आणखी लांब.

३. बंद करायच्या गोष्टी

पंखा, टीव्ही, मिक्सर. फ्रीज शेजारीच असेल तर पाच मिनिटं बंद केल्याने मावरं खराब होत नाही, मात्र परत चालू करायला विसरू नका. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. पहाटेची वेळ सगळ्यात शांत.

४. आधी चाचणी

गाण्यातली सगळ्यात चढी ओळ आधी म्हणून घ्या आणि हेडफोनवर ऐका. आवाज फाटत असेल तर मोबाईल थोडा लांब करा. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. खरं गाणं सुरू करण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसा. ही शांतता वाया जात नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो या दहा सेकंदांवरून खोलीची घरघर ओळखतो आणि पूर्ण गाण्यातून कमी करतो. मात्र जास्त कमी केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, बेतानेच करा.

५. गळ्याची काळजी

लिलावात ओरडून आल्यावर किंवा दिवसभर इंजिनाच्या आवाजावर बोलून आल्यावर गाऊ नका. कोमट पाणी प्या, पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, पाठ सरळ ठेवा. आजीला तिच्याच पट्टीत गाऊ द्या. बँजोच्या ट्रॅकवर तिला चढवू नका, श्वास पुरत नाही आणि शब्द तुटतात.

६. पाठवताना

व्हॉइस मेसेजचा माइक दाबून गाणं रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज दाबला जातो. मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये करा, वेव्ह फाइल मिळत असेल तर तीच घ्या (मिनिटाला साधारण ५ एमबी) आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वरून एको टाकू नका. लग्नाच्या स्टेजवर तो चालतो, इथे शब्द महत्त्वाचे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोनवर घेतलं गेलं. गाणं संपताना त्या स्वतःचं नाव बोलत, कारण तबकड्या परदेशात तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं होतं. आपणही तेच करू. गाण्याआधी आजीने स्वतःचं नाव, गाव, गाणं लग्नातल्या कुठल्या विधीला म्हणतात आणि कोणाकडून शिकली ते सांगावं. शंभर वर्षांनी ऐकणाऱ्याला याचाच आधार असेल. आणि ग्रुपवर टाकण्याआधी तिची परवानगी घ्या. गाणं तिचं आहे.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की कोणाला सवड राहणार नाही, आणि पुढच्या बंदीला प्रत्येक घरातली आजी गायला बसेलच असं नाही. दोन गोधड्या आणि एक शांत पहाट, एवढंच लागतं. या आठवड्यात निदान एक गाणं करून ठेवा.

सचिव, आपली सोसायटी