तळं साफ केलं, पण मासोळीचं काय?

शिक्षक मित्रांनो, २ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन आपण सगळेच वर्गात सांगतो. मी एकदा उत्साहाच्या भरात मुलांना आणि काही पालकांना घेऊन गावतळ्यावर श्रमदानच ठेवलं. बेशरमाची झुडपं तोडली, शिवाय पाण्यातलं हिरवं दिसेल ते सगळं ओढून काढलं. तळं आरशासारखं झालं, फोटोही छान आले! काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी एवढंच विचारलं, "गुरुजी, आता मासोळी अंडे कुठं घालन?"

मला उत्तर देता आलं नाही.

नंतर भंडारा-गोंदियातल्या तलावांच्या कामाबद्दल वाचलं. इथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले, मासेमारी ढिवरांची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सुटली. काठावर बेशरम पसरली. हिचा नुसता तुकडा चिखलात पडला तरी रुजतो, गुरंही तोंड लावत नाहीत. त्यात बाहेरून आणलेले मासे सोडले गेले. ग्रास कार्प पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरतो. देशी मासे कमी झाले.

अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि ढिवर मासेमारांनी जे केलं त्यातली गंमत अशी, की त्यांनी तलाव नुसता साफ केला नाही, त्यात लागवड केली. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट काढायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाऊस पडून चिखल झाला की त्यात पाणवनस्पती लावायच्या, अगदी धानाच्या रोवणीसारख्या. हे काम बायकांनी केलं. रोवणीचा हात त्यांचाच! लावलं काय, तर हायड्रिला, म्हणजे आपण प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात ठेवतो तीच वनस्पती, आणि तिच्यासारख्या इतर. यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, पाणपक्ष्यांनाही खाद्य मिळतं.

म्हणजे मी मुलांकडून नेमकं हेच उपटून घेतलं होतं.

यंदा आधी काकांना वर्गात बोलावलं. काय काढायचं नि काय ठेवायचं, हे त्यांनी मुलांना हातात देऊन दाखवलं. बेशरमाचा चीक विषारी असतो, म्हणून ते काम मे महिन्यात हातमोजे घालून पालकांनी केलं. शेजारच्या तळ्यातून आणलेली हायड्रिला सध्या वर्गामागच्या टाक्यात आहे. चौथीची मुलं रोज वाकून बघतात आणि विचारतात, "सर, पाऊस कधी येणार?"