यात्रेसाठी कॅमकॉर्डर कोणता घ्यावा?

प्रश्न : खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा आणि घरची लग्नं चित्रित करायची आहेत. एक कॅमकॉर्डर फोर-के आहे, पण झूम फक्त डिजिटल. दुसरा फुल एचडी, २० पट ऑप्टिकल झूमचा. कोणता घेऊ?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : दुसरा घ्या. गर्दीत मागे उभं राहून सासनकाठीचं टोक टिपायचं, तर खरं काम भिंगाचं. डिजिटल झूम आहे तेच चित्र ताणतो. फोर-केत फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात, म्हणून दुपटीपर्यंत निभावतं. पुढे चित्र फाटतं.

मात्र दोन गोष्टी तपासाच. बाहेरचा माइक जोडायची सोय हवी, नाहीतर ढोलापुढे बोलणं बुडतं. ५० फ्रेमचा पर्याय हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत नाही.

५० मेगाबिटच्या दर्जाला तासाला साडेबावीस जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड पावणेतीन तास पुरतं. जादा बॅटरी सोबतच घ्या.

दुकानात स्वतःचं कार्ड घालून अंधाऱ्या कोपऱ्यात आणि बाहेर उन्हात चित्रण करा, घरच्या टीव्हीवर पाहा, मगच पैसे मोजा. गुलालापासून जपायला भिंगावर यूव्ही फिल्टर लावा. पुसण्याआधी ब्लोअरने गुलाल उडवा. थेट फडकं फिरवलं तर काचेवर चरे पडतात.