नाव एक, नोंदी दोन

माझे आजोबा शंकर पेडणे तालुक्यात कूळ होते. त्यांची नोंद शोधण्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. संगणक म्हणाला, 'नोंद नाही.' १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला मालकीची वाट मोकळी केली खरी. पण नोंदच नसेल तर हक्क दाखवायचा कसा?

नोंद होती. ती सापडली 'एक्स' अक्षराखाली. पोर्तुगीज लेखनात 'श' हा 'एक्स'ने लिहीत, इंग्रजीत 'एस-एच'ने. त्यामुळे एकच शंकर यादीत दोन ठिकाणी जाऊन बसतो. गावांचेही तसेच: पेडण्याचे 'पेर्नेम' झाले, डिचोलीचे 'बिचोलिम'.

दोष यंत्राचा नव्हे, रचनेचा. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडून प्रत्येक ओळीला स्वतंत्र ओळख देण्याचा विचार मांडला. आपल्या 'फॉर्म १ व १४' मध्ये जमिनीला अशी ओळख आहे: गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग. माणसाला मात्र केवळ नाव.

म्हणून तीन तक्ते हवेत. पहिल्यात व्यक्ती व तिचा क्रमांक. दुसऱ्यात तिच्या नावाची सगळी रूपे. तिसऱ्यात कोणती व्यक्ती कोणत्या जमिनीत कब्जेदार वा कूळ आहे ते. सारखी वाटणारी नावे संगणकाने समोर ठेवावीत. ती एकाच माणसाची की कसे, हे कागद पाहून माणसानेच ठरवावे. एका वाड्यावर दोन शंकर असू शकतात. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे लागणे हे नोंद हरवण्यापेक्षाही वाईट.

विद्यार्थी मित्रांनो, तक्ता आखण्यापूर्वी गावात जा आणि तिथे एका माणसाला किती नावे आहेत, ते आधी विचारा.