शस्त्रक्रियेनंतरचें अर्धें काम

टाके निघाले म्हणजे रोगी बरा झाला, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हें वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालेल्या कार्यावरून चांगलें कळतें.

कुष्ठरोगानें हाताच्या मज्जातंतूंस इजा झाली म्हणजे तळव्यांतील लहान स्नायु दुर्बळ होतात, बोटें पंजासारखीं वांकतात, व स्पर्शज्ञान नाहींसें होतें. डॉक्टर पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरास आले व पुढें लवकरच त्यांनीं अशा हातांवर शस्त्रक्रिया आरंभिली. धड राहिलेल्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याची दोरीसारखी शीर, निकामी स्नायूच्या जागीं जोडावी, अशी ती रीत.

परंतु शीर जोडल्यानें बोट आपोआप चालूं लागत नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं तेल चोळून व हलकें ताणून आंखडलेले सांधे मोकळे करावे लागतात. नंतर सुमारें तीन आठवडे हात प्लास्टरमध्यें ठेवतात. तें निघालें म्हणजे खरी शाळा भरते. जो स्नायु पूर्वीं एक काम करीत असे, त्यास दुसरें शिकवावयाचें असतें. प्रथम थोडीशी हालचाल, मग हलकी वस्तु धरणें, व पुष्कळ दिवसांनीं जड काम, असा हा क्रम आहे. घाई केली तर जोड सुटतो. आळस केला तर शीर भोंवतालीं चिकटून बसते. हा अभ्यास दुसरा कोणी रोग्याकरितां करूं शकत नाहीं.

शिवाय शस्त्रक्रियेनें स्पर्शज्ञान परत येत नाहीं. तापलेलें भांडें किंवा खडबडीत दांडा हातास कळत नाहीं. म्हणून डोळ्यांनीं हात राखावा लागतो. घरीं परतलेल्या कित्येकांस कामहि मिळेना. यास्तव पुढें वेल्लोरास ‘नव जीव निलयम्’ उघडलें. तेथें सुतारकाम शिकवीत, व जखम झाल्यास ती कशानें झाली याचा शोध घेत.

आज अनेक औषधें एकत्र दिल्यानें कुष्ठरोग बरा होतो; मात्र वांकलेलें बोट औषधानें सरळ होत नाहीं. यास्तव असा मनुष्य गांवीं परतला म्हणजे त्याच्या व्यायामाची रोज चौकशी करावी, निजण्यापूर्वीं हात तपासण्याची आठवण द्यावी, अवजाराच्या दांड्यास जाड कापड गुंडाळून द्यावें, आणि त्यास भिक्षा न देतां काम द्यावें.

विचारार्थ प्रश्न: शल्यवैद्याचें काम कोठें संपतें, रोग्याचें कोठें सुरू होतें, व त्यांत शेजाऱ्यांचा वांटा कोणता?