यहूदाला मान द्यायचा का?

आजचे वाचन : मत्तय 26:14-25

प्रियांनो, आमच्या बिडकीनची तरुण मंडळी विचारतात, "यहूदाने धरून दिलंच नसतं तर वधस्तंभ कुठला आणि तारण कुठलं? मग त्याला मान का नाही?"

योजना देवाची होती, पण तीस रुपयांचा सौदा यहूदाने स्वतः केला. प्रभू त्याच्यासाठी हळहळतो, त्याला शाबासकी देत नाही. योसेफालाही भावांनी विकलं. देवाने त्यातून चांगलं केलं (उत्पत्ती 50:20). योसेफाने त्यांना क्षमा केली, सत्कार नाही केला.

तरी प्रभूने त्या रात्री यहूदाचेही पाय धुतले (योहान 13). नाकारणारा पेत्र पुढे प्रभूकडे परत आला. यहूदा मात्र पस्तावून याजकांकडे गेला (मत्तय 27:3).

म्हणून कुणाला फसवून "देवाचीच इच्छा" म्हणू नका.

प्रभू, चुकल्यावर तुझ्याकडेच यायला शिकव. आमेन.