मतदार यादीतील आपले नाव

भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताधिकार दिला आहे. तथापि ज्याचे नाव मतदार यादीत नाही, त्यास मतदान केंद्रावरून परत फिरावे लागते. मग त्याच्या खिशात ओळखपत्र असो वा नसो. म्हणून मतदानाइतकेच महत्त्व नोंदणीस आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. स्वतंत्र भारताने तो पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्यक्षात आणला. परंतु त्या १९५१-५२ च्या निवडणुकीची यादी करताना अनेक स्त्रियांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. हे प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत घडले. पण धडा सर्वांसाठीच आहे. मत ज्याचे, नोंदही त्याच्याच नावाची हवी.

माढ्याचे उदाहरण

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये माढा लोकसभा मतदारसंघात पहिली निवडणूक झाली. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, सांगोला व माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातील फलटण व माण हे विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. उजनीच्या पाण्याने या भागात ऊस वाढला, साखर कारखाने आले आणि माणसांची ये-जाही वाढली. गळीत हंगामात ऊसतोड मजूर येतात, तरुण शिक्षणासाठी सोलापूर-पुण्यास जातात, मुली लग्न होऊन सासरी जातात. नावे निसटतात ती याच वाटांवर.

याबाबत १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील तरतूद स्पष्ट आहे. तात्पुरते बाहेर गेल्याने सर्वसाधारण रहिवास संपत नाही. त्यामुळे हंगामापुरत्या गेलेल्या मजुराचे नाव त्याच्या गावच्या यादीत राहू शकते. उलटपक्षी, केवळ गावात घर आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंदणी कशी करावी?

पूर्वी मतदाराचे किमान वय २१ होते. २८ मार्च १९८९ पासून ते १८ झाले. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी वा आक्षेपासाठी नमुना ७, आणि दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. माहेरच्या यादीत नाव असलेल्या सुनेने नमुना ८ भरावा. अर्ज प्रत्येकाने स्वतः भरावा. तो मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो.

निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहणे मात्र इष्ट नव्हे. नामनिर्देशनपत्रे भरण्याच्या अखेरच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. विधानसभेचीच यादी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसही आधारभूत असते. जेथे मूठभर मतांनी प्रभागाचा निकाल लागतो, तेथे एका घराची चार नावे राहून जाणे ही लहान गोष्ट नाही.

आपण काय करावे?

जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात. या नोंदी यादीशी ताडून पाहिल्यास मृतांची राहिलेली नावे आणि नव्या सुनांची न आलेली नावे सहज ध्यानात येतील. सदस्यांनी ग्रामसभेत यादीचे वाचन घडवून आणावे. शिक्षकांनी बारावीच्या विद्यार्थ्यांना नमुना ६ समजावून द्यावा. मत कोणास द्यावे हे सांगणे आपले काम नव्हे. मत देण्यास पात्र असलेला एकही ग्रामस्थ यादीबाहेर राहू नये, हे पाहणे मात्र निश्चितच आपले काम आहे. त्याचा आरंभ यादीतील आपले स्वतःचे नाव तपासून व्हावा.